दोन वह्या

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या नव्या वहीला हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर 'श्री' काढतो, वर झेंडूचे फूल ठेवतो आणि हात जोडतो. आता बहुतेक पेढ्यांवरचे हिशेब यंत्रावर होऊ लागले आहेत. तरी पूजेपुरती का होईना, लाल कापडी बांधणीची एक वही विकत आणणारे अजून पुष्कळ आहेत. हात जोडताना त्या माणसाच्या मनात दोन गोष्टी असतात. सरत्या वर्षी देवाने सांभाळले, ही एक; आणि येत्या वर्षीही त्याने असेच सांभाळावे, ही दुसरी. पहिली कृतज्ञता आणि दुसरी मागणी. परंतु दोन्ही एकाच पानावर इतक्या शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात, की एकीची शाई दुसरीत उतरल्यावाचून राहत नाही.

मराठीतला सर्वांत मोठा कवीही धंद्याने वाणीच होता. देहूच्या तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होते, लोकांना दिलेल्या कर्जाची खते होती. या वाण्याच्या चरित्रात कागद इंद्रायणीत बुडाल्याचा प्रसंग दोन वेळा येतो. एकदा हिशेबाचे कागद बुडाले आणि एकदा अभंगांचे. दुसरा प्रसंग आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या चित्रपटाने तर तो घरोघर नेला. पहिला प्रसंग मात्र कीर्तनात येऊन जातो आणि आपण तो विसरतो. संकटात देव पावला, तर माणसाने त्याचे ऋण कसे मानावे, या प्रश्नाचे आपल्या संतकवींनी दिलेले उत्तर मला या दोन प्रसंगांच्या मध्ये कोठे तरी सापडते असे वाटते. तेथवर पोचण्यासाठी मला थोडे फिरून जावे लागेल. वाचकांनी सणाच्या दिवसांत तेवढा सोस सोसावा.

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. २०२१ सालच्या एप्रिलमध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत, मी इस्पितळात सतरा दिवस प्राणवायूच्या नळीवर काढले आणि घरी परत आलो. आमच्या समोरच्या घरातला गृहस्थ माझ्यानंतर दोन दिवसांनी त्याच इस्पितळात गेला. तो परत आला नाही. मी घरी आलो त्या दिवशी आईने दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिने देवीला नवस बोलला होता. शेजारचे कोणी तरी म्हणाले, "देवाची कृपा. आता पेढे वाटा." आईने समोरच्या बंद दाराकडे पाहिले आणि ती काही बोलली नाही. देवाने मला वाचवले असे म्हणावे, तर समोरच्याला त्याने का वाचवले नाही, हे त्याच वाक्यात विचारले जाते. न म्हणावे, तर सतरा रात्री जिने देवापुढे समई विझू दिली नाही, तिच्यापुढे मी कोणत्या तोंडाने उभा राहू? त्या पावसाळ्यात, उठबस करण्याची ताकद नव्हती म्हणून, मी गाथा पुन्हा वाचायला घेतली.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'आभार' हा शब्द आपल्याकडे सभेत राहतो. कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन सुरू झाले, की श्रोते पायांनी चपला शोधू लागतात. घरात तो शब्द चालत नाही. आईने वाढलेल्या भाताबद्दल मुलाने आभार मानले, तर आई त्याच्या कपाळाला हात लावून पाहील. आपला दुसरा शब्द 'उपकार'. तो जड आहे. घेणाऱ्याची मान त्याने वाकते. तिसरा 'उतराई होणे'; त्यात डोक्यावरचे ओझे खाली उतरवण्याची इच्छा आहे. आणि देवाच्या बाबतीत तर आपण नवस 'फेडतो', म्हणजे सावकाराचे कर्ज फेडावे तसा. आपल्या भाषेत देवाशी असलेले देणेघेणे हे असे रोकडे आहे.

मागण्याच्या वाङ्मयाला मात्र मराठीत तोटा नाही. रामदासांची करुणाष्टके ही हाक आहे. मोरोपंतांच्या 'केकावली'चे नावच मोराच्या आर्त केकेवरून आलेले आहे. तुकोबांच्या ४६०० हून अधिक अभंगांच्या गाथेत तर धाव घेण्याची विनवणी पानोपानी आढळते. परीक्षेच्या आधी मारुतीला प्रदक्षिणा घालणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. निकालानंतर त्याच देवळापाशी दिसणारी मुले हाताच्या बोटांवर मोजावीत. आपले वाङ्मयही असेच आहे की काय, अशी शंका प्रथमदर्शनी येते. हाक मोठी, पण हाकेला ओ मिळाल्यावर कवी गप्प.

शेजारच्या परंपरेशी ताडून पाहिले, तर ही शंका अधिकच बळावते. मराठी ख्रिस्ती उपासनेत 'उपकारस्तुती' असा एक स्वतंत्र शब्दच रूढ आहे. बायबलमधील स्तोत्रांत, संकटातून सुटलेला माणस देवाची स्तुती मोठ्याने, चारचौघांत करतो. १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ही स्तुती मराठीत गाऊ लागले, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी वळण घेतले ते आपल्या संतांच्या अभंगाचे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो, असे ते सांगत. म्हणजे कृतज्ञतेला लागणारा पूल आपल्याकडे होताच. मग त्या पुलावर चाललेली कृतज्ञता आपल्याला का दिसत नाही? माझे म्हणणे असे, की ती आहे, भरपूर आहे. पण ती आभाराच्या वेषात नसल्यामुळे आपण तिला ओळखत नाही.

जनाबाईपासून आरंभ करू. गंगाखेडची ही पोर पंढरपुरास नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. तिच्या नावावर असलेल्या अभंगांतले सगळेच तिचे नसतील. पण त्या अभंगांतून उभी राहणारी जनी एकच आहे. तिच्या अभंगांत विठोबा जाते ओढतो, कांडण कांडतो, पाणी भरतो, केर काढतो, गोवऱ्या वेचतो. फार काय, तिच्या डोक्यातल्या उवाही काढतो. जनी यासाठी त्याचे आभार कोठेच मानीत नाही. ती फक्त त्याने काय काय केले ते सांगते, आणि सांगताना एकही काम गाळत नाही. मी जेव्हा हे अभंग प्रथम शिकवले, तेव्हा मुलांना ती देवाची थोरवी म्हणून सांगितली. आता वाटते, की तेथे थोरवीपेक्षा कष्ट अधिक आहेत. ज्या बाईने आयुष्यभर दळले तिलाच दळणाऱ्याचे हात कसे भरून येतात ते कळते. देवाच्या कामांची ती यादी म्हणजे एका कष्टकऱ्याने दुसऱ्याला दिलेली पोच आहे. तू केलेस, आणि मी ते पाहिले, एवढाच तिचा अर्थ. घरात राबणाऱ्या बायकांना आयुष्यभर जे मिळत नाही, नेमके तेच जनीने देवाला दिले आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विठोबा इतका धावून येतो, तरी जनीचे दास्य काही संपत नाही. जाते तेथेच राहते, दळणाची टोपली उद्या पुन्हा भरलेलीच असते. देवाने संकट टाळले म्हणून ती कृतज्ञ नाही. तो जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसला म्हणून आहे. दळणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागला तरी दाणे कमी होत नाहीत. पण ओझे निम्मे होते आणि तोंडी ओवी येते.

दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, दामाजींनी बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांना मोकळी केली, बेदरहून त्यांना पकडून नेण्याचा हुकूम सुटला. आणि दामाजी वाटेत असतानाच विठू महार होऊन देवाने दरबारात सगळे पैसे भरले व पावती आणली. महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ही कथा सांगितली आहे, आणि तिच्यावर कीर्तने, नाटके, चित्रपट झाले आहेत. बहुतेक सादरीकरणांत टाळ्या पडतात त्या पावती सापडते तेथे. परंतु कथा तेथे संपत नाही. सुटका झालेल्या दामाजींना आनंद होण्याऐवजी हळहळ वाटते. माझ्यापायी देवाला डोक्याला मुंडासे गुंडाळून, खांद्यावर घोंगडी टाकून दरबारात जोहार करावा लागला! ते चाकरी सोडून देतात आणि पंढरीची वाट धरतात. व्यवहारी माणूस म्हणेल, की नोकरी तर वाचली होती. मग सोडली कशाला? ज्या चाकरीसाठी देवाला एवढे वाकावे लागले, ती चाकरी त्यांना पुढे करवेना, एवढेच त्याचे उत्तर आहे.

या कथेत मला एक खुपते, तेही सांगून टाकतो. देवाने महाराचे रूप घेतले यात कथाकारांना देवाचा हीनपणा दिसला आणि त्यावर त्यांनी करुणरस उभा केला. ज्या समाजाचा माणूस रोजच असा जोहार घालीत होता, त्याच्या वाट्याला मात्र कोणाची हळहळ आली नाही. चोखोबांच्या अभंगांशेजारी ठेवून ही कथा वाचली, म्हणजे हे वैगुण्य झाकून राहत नाही. तरी कथेचा जो मुख्य धागा, की वाचलेल्या माणसाची पहिली नजर आपल्या लाभाकडे न जाता वाचवणाऱ्याच्या श्रमाकडे गेली, तो खरा आहे. आणि तोच धागा तुकोबांच्या हाती आल्यावर त्याचे काय झाले, हे आता पाहू.

प्रसंग सर्वश्रुत आहे. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी आक्षेप घेतला, शूद्राने वेदार्थ बोलू नये म्हणून अभंग पाण्यात बुडवावे लागले, आणि तुकोबा नदीकाठी अन्नपाणी सोडून तेरा दिवस पडून राहिले. परंपरा सांगते, की वह्या कोरड्याच वर आल्या. कोणी म्हणतात, की अभंग लोकांच्या तोंडी होते, म्हणून ते बुडणे शक्यच नव्हते. यांतले काय घडले याचा निवाडा करण्याची माझी योग्यता नाही, आणि माझ्या प्रश्नाला त्याची गरजही नाही. वह्या परत मिळाल्यावर तुकोबांनी रचलेले म्हणून जे अभंग गाथेत आहेत ते आपल्यापुढे आहेत. तेवढे पुरे.

हे अभंग विजयाचे असावेत अशी आपली अपेक्षा असते. छळणाऱ्याचा पाडाव झाला होता, कवीची वाणी खरी ठरली होती. पण अभंगांत विजय औषधालाही नाही. तेथे आहे ती क्षमायाचना. मी फार मोठा अन्याय केला, असे तुकोबा देवाला म्हणतात. लोक काही बोलले, तेवढ्यावरून मी तुझ्या दारी हट्ट धरला. उपाशी पडून राहिलो, म्हणजे माझ्या भुकेचे ओझेही तुझ्यावरच टाकले. माझ्या गळ्याशी कोणी सुरी लावली नव्हती की पाठीवर कोणी घाव घातला नव्हता. मग एवढा गहजब मी कशासाठी केला? आणि पुढे ती विलक्षण कल्पना येते. देवाला एकाच वेळी दोन जागी राहावे लागले: काठावर तुकोबांपाशी, आणि डोहात वह्यांपाशी. त्याला पाण्यात उभे केले, ही चूक एकदा झाली. आता कोणी माझा प्राण घेतला तरी बेहत्तर, पण तुला शीण होईल असे काही करणार नाही, अशी जवळजवळ शपथच ते घेतात.

हे अभंग मी पूर्वी वाचले होते, पण मला ते विनयाचे वाटले होते. संतांनी स्वतःला पतित म्हणायचे असते, तसे हे, असे मी समजून चाललो होतो. इस्पितळातून आल्यावर वाचले तेव्हा त्यांतला 'शीण' हा शब्द मला अडला. सर्वशक्तिमान देवाला शीण कसा होईल? शास्त्राच्या दृष्टीने हे बोलणे चुकीचे आहे. ज्याच्या इच्छामात्रे ब्रह्मांड चालते, त्याला चार वह्या पाण्यात धरून ठेवणे म्हणजे काय मोठे काम? पण तुकोबांना देव असा दुरून, हात न ओला करता मदत करणारा नकोच आहे. त्यांचा देव थंडीत, कमरेइतक्या पाण्यात, वह्या वर धरून उभा आहे, आणि त्याचे हात भरून आले आहेत. अशा मदतीला 'आभारी आहे' म्हणता येत नाही. तेथे माणूस फक्त ओशाळतो. रात्री उशिरापर्यंत आपल्यासाठी जागलेल्या आईला पाहून शहाणे मूल जसे म्हणते, "तू कशाला जागलीस ग?", तसा हा स्वर आहे. आपल्याकडे कृतज्ञतेचा खरा उद्गार तोच आहे. बाहेरच्या माणसाला ती तक्रार वाटेल. घरातल्याला ती कळते.

आईला मी इस्पितळातल्या एका पोराची गोष्ट सांगितली होती. रात्रपाळीला तो प्राणवायूची जड नळकांडी ओढीत आणी, आणि मधून मधून मला पालथे व्हायला मदत करी. अंगावर नखशिखान्त पांढरा पोशाख, चेहऱ्यावर झापड. मी त्याचे तोंड कधी पाहिलेच नाही. मला वाटले, आई आता म्हणणार की तो देवच होता. ती तसे काही म्हणाली नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "किती शिणत असेल रे ते लेकरू." गाथेतल्या त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा लागला.

परंतु समोरच्या बंद दाराचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. तो सोडवण्यासाठी आपल्याकडे एक जुने वाक्य आहे: जे होते ते बऱ्यासाठी. आणि या वाक्यासाठी साक्ष काढली जाते तीही तुकोबांचीच. त्यांचा तो प्रसिद्ध अभंग आहे ना, ज्यात ते आपल्या एकेका आपत्तीपुढे 'बरे' हा शब्द ठेवीत जातात? दिवाळे निघाले ते बरे, दुष्काळाने गांजले ते बरे, बायको तोंडाळ मिळाली तेही बरे, लोकांत अपमान झाला, पैसा गेला, गुरेढोरे गेली, सगळे बरेच झाले. कारण त्यामुळे मी तुला शरण आलो. दिवाळीच्या अंकात दिवाळ्याचा हा अभंग आठवणे विचित्र दिसेल. पण संकटाबद्दलच देवाला धन्यवाद देणारी याहून धीट कविता मराठीत मला माहीत नाही.

हाच अभंग दुःखितांच्या घरी सांत्वनासाठी सांगितला जातो. समोरच्या घरी तेराव्या दिवशी आलेल्या एका गृहस्थांनी तो सांगितलेला मी माझ्या खिडकीतून ऐकला. ऐकताना मला चीड आली, आणि ती का आली याचा शोध घेताना मी तो अभंग ओळीओळीने तपासला. तुकोबांनी मांडलेल्या त्या यादीत काय आहे यापेक्षा काय नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. १६३० सालच्या त्या भीषण दुष्काळात त्यांची थोरली बायको उपासमारीने गेली. परंपरेप्रमाणे त्यांचा मुलगाही त्याच काळात गेला. या मरणांचा उल्लेख 'बरे'च्या यादीत नाही. धन, मान, गुरे यांच्यापुढे जो शब्द सहज ठेवता आला, तो बायकोच्या उपासमारीपुढे त्यांनी येथे ठेवलेला नाही. ज्या अभंगात ते आपले चरित्र सांगतात त्यात ते मरण येते. पण तेथे ती अन्नासाठी टाहो फोडीत मेली एवढेच सांगून तुकोबा लाज आणि दुःख यांविषयी बोलतात. देवाच्या कृपेचा धागा त्या ओळीला जोडण्याची घाई ते करीत नाहीत.

जाणता वाचक मला येथे अडवील. गाथेत आणखी एक छोटा अभंग आहे, ज्यात बायको गेली ती सुटली, पोर गेले ते बरे झाले, आई डोळ्यांदेखत गेली आणि चिंता मिटली, असे तुकोबा म्हणतात. मग माझ्या म्हणण्याचे काय? तो अभंग मी टाळणार नाही. तो वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. काही भाष्यकार त्याला वैराग्याचे शिखर म्हणतात. मला तो शिखर वाटत नाही. तो मला दात आवळून बोललेला वाटतो. त्यात उपमा नाही, विस्तार नाही, एकेक माणूस एकेका चरणात संपते. ज्याचे सर्व गेले आहे असा माणूस मसणवटीतून परतताना असाच बोलतो, आणि त्याचे ते बोलणे सिद्धान्त म्हणून कोणी लिहून घेऊ नये. तुकोबांचा मोठेपणा हा, की त्यांनी हे तिन्ही अभंग आपल्यापुढे ठेवले: हसत हसत 'बरे' म्हणणारा, लाजेने मान खाली घालणारा, आणि हा कोरड्या डोळ्यांचा. एकाने दुसऱ्याला खोडले नाही. आपण मात्र त्यांतला सोयीचा तेवढा उचलतो.

मला चीड कशाची आली ते आता सांगता येईल. 'बरे' हा शब्द तुकोबांनी स्वतःच्या दिवाळ्याला लावला. तो ज्याच्या त्याने आपल्याच दुःखाला लावायचा असतो, आणि तोही त्याच्या वेळेला. दुसऱ्याच्या दुःखाला तो लावणे म्हणजे त्याच्या घरात शिरून त्याच्या वतीने नवस फेडण्यासारखे आहे. तसेच, मी वाचलो ही देवाची कृपा, हे वाक्य मला देवापाशी बोलता येईल. ते समोरच्या दाराशी बोलता येणार नाही. कृतज्ञता ही दोघांमधली गोष्ट आहे. तिसऱ्याला ऐकवली, की तिची फुशारकी होते.

आणि म्हणून मला इंद्रायणीतल्या पहिल्या कागदांकडे यायचे आहे. दुष्काळ ओसरल्यावर, डोंगरावरच्या एकान्तातून तुकोबा परत आले तेव्हा, घरात लोकांच्या कर्जाची खते होती, असे चरित्रकार सांगतात. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाटणीची अर्धी खते त्यांनी त्याला काढून दिली; भावाच्या हक्कावर आपले वैराग्य लादले नाही. आपल्या वाटणीची मात्र नदीत सोडून दिली. दुष्काळाने गावोगावची कुळे आधीच मोडली होती. त्यांच्याकडून येणे असलेले पैसे त्या दिवशी पाण्यात गेले. मी गाथेत पुष्कळ शोधले. या कागदांसाठी तुकोबांनी काठावर उपोषण केल्याचे कोठे आढळत नाही. ते परत यावेत असे त्यांना वाटले नाही आणि ते आलेही नाहीत.

या दोन प्रसंगांत वर्षांचे अंतर आहे, आणि ते जोडून मी एखादा चमत्कार सिद्ध करू पाहत नाही. पण कवीचे आयुष्य वाचताना अशा दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवण्याचा मोह कादंबरीकाराला आवरत नाही. ज्याने लोकांची देणी बुडवून टाकली, त्याने पुढे देवाच्या उपकाराचाही हिशेब मांडला नाही. वह्या परत मिळाल्या तेव्हा, तुझे एवढे देणे झाले, ते मी असे फेडीन, ही भाषा त्याच्या तोंडी आली नाही. तुला फार दमवले रे, एवढेच तो म्हणाला. देवाशी हिशेब न ठेवण्याची ही रीत तो प्रथम माणसांशी वागून शिकला होता, असे मला वाटते. संकटातून वाचलेल्याने काय करावे, याचे एक उत्तर त्या पहिल्या कागदांत आहे: ज्यांचे आपल्याकडे काही अडकले असेल ते सोडावे. त्यांना देवाचे नाव घेऊन काही सांगण्याची गरज नाही.

नवसाला मी नावे ठेवीत नाही. ज्या आईपाशी डॉक्टरही नव्हता आणि पैसाही नव्हता, तिच्यापाशी बोलायला देवी तरी होती. पण नवस फेडून झाल्यावर मन मोकळे होते, देणे संपते, आणि माणूस देवाकडे पाठ करून घरी येतो. जनी, दामाजी आणि तुकोबा यांचे देणे कधीच संपले नाही. म्हणून त्यांना देवाकडे पाठही करता आली नाही. मराठी कवितेतली ही मोठी कमाई आहे, आणि ती आभाराच्या भाषेत शोधू गेल्यास सापडत नाही.

त्या वर्षीची दिवाळी आली. आईने एके दिवशी सकाळी कोणाला न सांगता देवीची ओटी भरून नवस फेडला आणि प्रसादाचा नारळ घरातच फोडला. पेढे आणले नाहीत. ज्या घरी वर्षाच्या आत मरण झाले असेल तेथे फराळाचे करीत नाहीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते नेऊन द्यायचे असते. वसुबारसेच्या संध्याकाळी, कढईतून पहिल्या करंज्या निघाल्या तेव्हा, मी सवयीप्रमाणे देवापुढे ठेवण्यासाठी वाटी पुढे केली. आईने ती माझ्या हातातून घेतली, तिच्याऐवजी मोठे ताट काढले, ते भरले, वर विणलेला रुमाल घातला आणि ती समोरच्या घरी गेली. बराच वेळ ती परत आली नाही. खिडकीतून मला दिसत होते: दोघी उंबऱ्याच्या आत खाली बसल्या होत्या आणि समोरची बाई एकसारखी बोलत होती. आई ऐकत होती.

परत आल्यावर तिने हात धुतले आणि मग देवापुढे वाटी ठेवली.